मागे ठेवलेली औषधं

आमच्या नारीन शहरातल्या दवाखान्यात अतिदक्षता विभागातल्या रुग्णाची औषधं नातेवाईकच बाहेरून विकत आणतात. रुग्ण बरा झाला काय किंवा गेला काय, उरलेलं कुणी घरी नेत नसे. विभागातल्या पत्र्याच्या डब्यात ठेवून जात. ज्याला परवडत नसे, त्याला त्यातलं मिळायचं. मी इथलं भांडार सांभाळतो. हा डबा मात्र आयचुरोककडे असायचा.

आयचुरोक तिथली सगळ्यांत जुनी नर्स. धाकट्या नर्स तिला ‘एजे’ म्हणत, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. औषध भरताना कुणी हाक मारलेली तिला खपत नसे. म्हणायची, “त्या वेळी माझा नवरा आला तरी त्यानं गप्प उभं राहायचं. तसा तो घरीही गप्पच असतो म्हणा.”

मार्चमध्ये सूरोनबाय नावाचा मेंढपाळ दाखल झाला. त्याला सलाइनमधून पोटॅशियम द्यायचं होतं आणि बायकोकडे पैसे नव्हते. आयचुरोकने डब्यातून काचेच्या कुप्या काढल्या. आमच्याकडे मिळतं ते चार टक्क्यांचं. या कुप्या कुणीतरी सीमेपलीकडून आणलेल्या, दहा टक्क्यांच्या होत्या. दिसायला सारख्याच. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरचा माणूस नळी उपटायला लागला. अख्ख्या विभागात नर्स दोघीच. तिने नेहमीच्या मापाने औषध भरलं आणि तिकडे धावली.

सूरोनबायचे ठोके बिघडले तेव्हा तिने आधी सलाइन बंद केलं, मग रिकामी कुपी उजेडात धरून वाचली. सगळ्यांसमोर डॉक्टरांना म्हणाली, “माझी चूक आहे. पोटॅशियम जास्त गेलंय.” त्यामुळे उतारा लगेच देता आला. सूरोनबाय वाचला.

दुपारी नर्स माझ्या भांडारात चहाला बसल्या. त्यांतली बुरुल म्हणाली, “एजे, बोललात कशाला? आजारानं ठोके बिघडले म्हटलं असतं तर कोण बघायला येणार होतं?”

“मग डॉक्टरांनी आजारावर औषध दिलं असतं आणि तो मेला असता.”

“आता तो घरी जाईल, आणि तुम्हीही जाल.”

दुसरी हळूच म्हणाली, “मी एकदा इन्सुलिन दुप्पट दिलं होतं. साखर चढवत बसले. आईलासुद्धा सांगितलं नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत मुख्य डॉक्टरांनी आयचुरोकला सगळ्यांसमोर उभं केलं. “वाचता येतं ना?”

“येतं, साहेब. दोघींनी सगळ्यांचं वाचायचं म्हटलं की एखादं राहून जातं.”

“उलट बोलू नका.”

तिला चादरींच्या खोलीत पाठवलं. डबा बंद झाला, त्यातली औषधं मला फेकावी लागली.

मे महिन्यात अतिदक्षता विभागातली एक तरुण बाई अचानक गेली. दुपारी बुरुल चादर मागायला आली, तेव्हा मी तिथेच होतो.

आयचुरोकने विचारलं, “काय झालं गं?”

“आजार होता, एजे.”

बुरुलने मान वर केली नाही. मग आयचुरोकने चादर काढून तिच्या हातावर ठेवली. पुढचं तिने काही विचारलं नाही.