आपल्यातली

काकूंनी मगभर पाणी आणलं आणि सोऱ्यावर ओतलं. माझ्यासमोर.

सोऱ्या मी नुकताच खाली ठेवला होता. ठेवला म्हणजे त्यांनी ठेवायला लावला होता. "तिथं ठेव, फरशीवर," असं म्हणाल्या आणि मी ठेवला. पाणी पितळेवरून घरंगळत माझ्या पायांपर्यंत आलं. मी पाय मागे घेतले. का घेतले, कोण जाणे. अंग आपोआप आकसलं. मग त्यांनी सोऱ्या फडक्यानं पुसला, कपाटात ठेवला आणि कपाट लावून घेतलं.

"तसं काही मनात आणू नकोस," त्या म्हणाल्या. "पण तू खोटं का बोललीस? मी विचारलं होतं ना तुला?"

हो. विचारलं होतं. ते आधी सांगते.

रायपूरच्या रोजच्या जगण्याचं एक संग्रहालय उभं राहत होतं. त्यात तलवारी आणि पगड्या नव्हत्या. घरातल्या वस्तू होत्या. डबे, कंदील, रेडिओ, शिलाई मशीन. वस्तू मिळवायची आणि ज्याची वस्तू त्याच्याच तोंडून तिची हकीकत रेकॉर्ड करायची, हे माझं काम. नोकरी कंत्राटी. मराठी घरं माझ्या वाट्याला आली, कारण ऑफिसात मराठी येणारी मी एकटीच.

काकूंचं घर तात्यापाऱ्यात, रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीत. खाली झेरॉक्सचं दुकान, वर त्या. शाळेतून रिटायर झालेल्या. दारात मी मराठीत बोलले तर बाईंचा चेहरा असा फुलला की मलाच भरून आलं. "अगं बाई, किती छान बोलतेस! आमची नातवंडं तर आजकाल हिंदीतच उत्तर देतात. आडनाव काय तुझं?" मी सांगितलं. माझं आडनाव चार जातींत सापडतं. काकू हसल्या. "म्हणजे आपल्यातलीच."

"हो काकू. आपल्यातलीच."

हे माझं खोटं. एवढंच.

मी शहराच्या कडेला, बीरगांवात वाढले. वडील भंडाऱ्याकडून आले आणि उरला या कारखान्यांच्या वस्तीत वेल्डिंगला लागले. गल्लीत यूपीचे, बिहारचे, ओडिशाचे, छत्तीसगढी. मराठी घरं बोटावर मोजण्याइतकी. बाजारात कुणी बाई भाजीवाल्याला "काहून रे, एवढी महाग?" म्हणाली की आई गर्रकन वळायची. "आपल्यातली आहे वाटते वो!" म्हणजे मराठी. दुसरा अर्थ आमच्या घरात या शब्दाला नव्हता. त्या बाईची जात आई विचारत नसे. दोघी भाजीच्या गाड्यापाशी उभ्या राहून सासर-माहेर करत बसायच्या आणि मी पिशवी धरून कंटाळायचे.

जात मला ठाऊक नव्हती, असं कोणी समजू नये. चांगली ठाऊक होती. पण हिंदीत. शाळेत, भाड्याची खोली बघताना, लोक सरळ विचारायचे, "कौन जात हो?" ते झोंबायचं, पण निदान समोरून यायचं. मराठीत जात अशी गोड शब्दात बसून येते, गालावरून हात फिरवत येते, हे मला काय माहीत! मी आपली खुश झाले. वाटलं, चला, तात्यापाऱ्यातही आपलं एक घर झालं.

काकूंनी पोहे दिले. रेकॉर्डर चालू झाला. सोऱ्याची हकीकत सांगताना त्यांनी त्यात पीठ भरून दाखवलं आणि म्हणाल्या, "तू फिरव आता." मी फिरवायला लागले. दोन्ही हात पिठात आणि तेलात. तेवढ्यात माझा फोन वाजला. काकूंनीच एका बोटानं उचलून स्पीकरवर टाकला.

"जय भीम वो बाई. जेवली का?"

"जय भीम आई. कामात आहे. मग करते."

बस. दोन ओळी. काकू ताटातल्या चकल्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिथं ठेव. फरशीवर." रेकॉर्डर अजून चालूच होता.

मी जिना उतरताना त्यांनी वरून सांगितलं, "सरांना म्हणावं, दुसरं कुणी पाठवा." माझ्या बोटांना पीठ तसंच होतं. त्या घरात हात धुवायला नळ मागायची माझी हिंमत झाली नाही. मला, जिनं त्यांच्याच ताटलीत पोहे खाल्ले होते.

सर म्हणजे आमच्या कामाचे प्रमुख. भाषणात नेहमी म्हणायचे, शहर सबका है. काकूंचा फोन माझ्या आधी त्यांच्यापर्यंत पोचला होता.

"ये 'आपल्यातली' मतलब?" त्यांनी विचारलं.

"अपनों में से, सर."

"तो तुमने हाँ क्यों बोला?"

हिंदीत नेला की त्या शब्दातली जात गळून जाते आणि माझं खोटं तेवढं उरतं. मी समजावू लागले. जितकं समजावलं तितकी जास्त अडकले. शेवटी त्यांच्यासमोर मला माझी जात सांगावी लागली, आडनावासकट, पुराव्यासकट. गुन्हा काकूंनी केला होता आणि जबाब मी देत होते.

"देखो बेटा, मैं ये सब नहीं मानता," सर म्हणाले. "पर उनके कहने पर पूरा तात्यापारा खुलता है. उनके घर जाकर बोल दो, पहले बता देना चाहिए था, ग़लती हो गई. मैं भी रहूँगा. और रिकॉर्डिंग का वो आख़िरी हिस्सा काट दो." मग अगदी मायेनं, "वरना मराठी वाला पूरा काम रोकना पड़ेगा. बीरगांव भी."

बीरगांव. तिथं मला कुणी आडनाव विचारलं नव्हतं. लोकांनी घरातलं हातात काढून दिलं होतं. विहारातली भीमगीतांची जुनी पेटी. वडिलांचा वेल्डिंगचा काळा चष्मा. ती माणसं माझ्या भरवशावर बोलली होती. मी माफी मागितली नाही तर ते सगळं बाहेर. मागितली तर ते आत, काकूंच्या सोऱ्याशेजारी, आणि मी खोटारडी. दोन्हीकडून दार लावलेलं. मी ऑफिसात जात होते, जेवत होते, लोकांशी हसत होते, आणि आतून नुसती कोंडत चालले होते. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "दीदी, सॉरी ही तो बोलना है." नुसतं सॉरी. त्यांच्यासाठी तो नुसता शब्द होता.

घरी सांगितलं. वडील उठून बाहेर गेले. आई भाजी चिरत होती. चिरतच राहिली.

"मी फोन नाई कराले पाह्यजे होता," ती म्हणाली.

"तुझी काय चूक यात?"

"मागून टाक माफी. आपल्यासाठी का नवीन आहे? काम हातचं जाईन."

मला तिचाच राग आला. इतका की मी ताटावरून उठले. आता कळतं, तो राग तिच्यावरचा नव्हता. तिचं म्हणणं मला पटायला लागलं होतं, म्हणून मी चिडले होते.

आणि मी निघालेच माफी मागायला. खरं तेच सांगते. वाक्यं तोंडपाठ केली होती. तात्यापाऱ्यात उतरले. सरांची गाडी आधीच येऊन लागली होती. झेरॉक्सच्या दुकानाशेजारून जिना चढायला लागले तोच फोन वाजला.

"हॅलो."

मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा आहे. नंबर आईचा होता.

"हॅलो. मी बोलून राहिली. कोणी आहे का वो तुह्याजवळ?"

मी जिन्यावरच उभी राहिले. आमच्याकडे मोबाईल नव्हता तेव्हा ती किराणा दुकानातून मामाला फोन लावायची. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असायचं. सगळे वळून बघायचे. तरी ती रिसीव्हर कानाला लावून पहिला शब्द खणखणीत म्हणायची, जय भीम. अंगठा उठवणारी बाई, तिला सगळ्या जगात एवढाच एक शब्द मोठ्यानं बोलता यायचा. आता ती हॅलो म्हणत होती. ऐकणारं कोण आहे ते आधी विचारत होती. हे मी केलं होतं. नाही, मी नाही. त्या पाण्यानं केलं होतं. आणि मी त्याच पाण्याची माफी मागायला जिना चढत होते.

"जय भीम आई," मी म्हणाले. मोठ्यानं. जिन्यात आवाज घुमला.

ती घाबरली. "हळू बोल वो बाई!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन ठेवला आणि वर गेले.

सर सोफ्यावर चहा घेत होते. काकू समोर. "आओ बेटा, बोलो," सर म्हणाले. मी उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिले.

"काकू, तुम्ही विचारलंत, आपल्यातली का. मी हो म्हणाले. मी याच शहराची, याच भाषेची. मी खोटं बोलले नाही. तुम्हाला जात विचारायची होती. मग जातच विचारायचीत. तोंडावर. खोटा तुमचा प्रश्न होता."

"क्या कह रही है?" सरांनी काकूंना विचारलं.

काकूंनी सांगितलं नाही. त्यांची मान खाली गेली, ती शरमेनं की रागानं, मला माहीत नाही आणि जाणून घ्यायचंही नाही.

मग मीच हिंदीत सांगितलं. "सर, मैं माफ़ी नहीं माँगूँगी. और रिकॉर्डिंग नहीं काटूँगी."

कंत्राट पुढे वाढलं नाही. रेकॉर्डिंग त्यांच्या कॉम्प्युटरवर आहे, एव्हाना कुणीतरी कापलंही असेल. सोऱ्या म्हणे काचेत ठेवणार आहेत. बीरगांवच्या वस्तू मी परत आणल्या. पेटी पोचवायला गेले तेव्हा विहारातल्या काकांनी विचारलं, "काय झालं वो पोरी?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मंग तू कर ना. त्याहिले काहून विचारतं?"

करून राहिले आहे. भनपुरीपासून तात्यापाऱ्यापर्यंत, माझ्या स्वतःच्या फोनवर रेकॉर्ड करत. दिवसा एका दवाखान्यात पावत्या फाडते, सुटीच्या दिवशी घरं फिरते. आई अजून हॅलोच म्हणते. मी जय भीम म्हणते. ती जेवली का विचारते.

मी आता दारातच बोलते. चपला काढायच्या आधी. नमस्कार नाही, जय भीम. कुणाला खूश करायला नाही आणि सावध करायला तर नाहीच. ज्याला सोऱ्यावर पाणी ओतायचं असेल, त्यानं ते माझ्या तोंडावर, दिवसाउजेडी, कारण सांगून ओतावं. काही घरं आत बोलावतात. काही दारं लागतात. फोन तेव्हा चालूच असतो, त्यामुळे दार लागल्याचा आवाजही त्यात येतो.

तोही याच शहराचा आवाज आहे. तो मी कापणार नाही.