डायनामोचा पट्टा

त्या गाडीच्या डॅशबोर्डवर शेंगदाण्याएवढा एक लाल दिवा होता. चावी फिरवली की तो लागायचा आणि इंजिन चालू झालं की विझायचा. इंजिन चालू असताना तो लागला, तर समजायचं की डायनामो बॅटरीला वीज पुरवत नाही. तिथून पुढं गाडी बॅटरीत जी काही शिल्लक असेल तिच्यावर चालणार, आणि ती संपली की असू तिथं उभी राहणार. माझ्या आयुष्यातला एक सबंध पावसाळा मी रस्त्याकडं कमी आणि त्या दिव्याकडं जास्त बघत काढला.

गाडी विलायती होती. दोन सीटांची, कापडी टपाची, शर्यतीत पळवायच्या घाटाची. खंडाळ्याला एका शेटजींचा बंगला होता आणि त्यांच्याकडं आमच्या गिरणीतून तांदूळ जायचा. तरुणपणी हौसेनं घेतलेली ही गाडी त्यांच्या गॅरेजात ताडपत्रीखाली पडून होती. पोती उतरवून झाली की मी तिच्याभोवती घुटमळायचो, ते त्यांनी पाहिलं असावं. पुढं त्यांच्या पोटाचा घेर एवढा वाढला की त्यांना तिच्यात शिरताच येईना, तेव्हा त्यांनी ती मला जवळजवळ देऊनच टाकली. मी हुरळून गेलो. वडिलांनी, म्हणजे आबांनी, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "दोगंच बसत्यात व्हय हिच्यात? मग तिसरं आलं की त्येला कुटं बसवायचं?"

म्हणाले आणि लगेच गिरणीकडं वळले. कारण तिसऱ्याबद्दल आमच्या घरात तेव्हा कुणी बोलत नव्हतं.

आमचं गाव कामशेतच्या खिंडीपलीकडं, पवनेच्या खोऱ्यात. धरणाचं काम अजून सुरू झालेलं नव्हतं. दिवसातून एक एसटी यायची, आणि पाऊस फार झाला की ती खिंडीपर्यंत येऊन परत फिरायची. आदल्या वर्षी बायकोचं पहिलं बाळंतपण होतं. तिला कळा सुरू झाल्या त्या दिवशी एसटी आली नाही, आणि बैलगाडी आबांनी सकाळीच तांदळाची पोती घालून कामशेतला पाठवलेली. गाडी परत येईपर्यंत आम्ही ओट्यावर बसून राहिलो. लोणावळ्याला पोचलो तेव्हा पोटातलं बाळ गेलेलं होतं.

आबांना कुणी एका शब्दानं बोललं नाही. पण तेव्हापासून बैल जुंपायच्या आधी ते स्वयंपाकघराच्या दाराशी यायचे आणि सुनेला विचारायचे, "गाडी न्हेऊ का आज?" ती बरी आहे, धुणं धुतेय, हसतेय, तरी विचारायचे.

तिला पुन्हा दिवस राहिले तेव्हा लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बोट रोखून सांगितलं, "पहिली कळ आली की निघायचं. वाट बघत बसायचं नाही." त्या दिवसापासून ती गाडी माझी हौस उरली नाही. आणि नेमका त्याच आषाढात डायनामो गेला.

ज्यांनी लोणावळ्याचा पावसाळा काढलेला नाही त्यांना यातलं संकट कळणार नाही. तिथं भर दुपारी दिवे लावून गाडी चालवावी लागते. वायपर सतत चालू, धुक्यात हॉर्न सतत चालू. बॅटरी बिचारी देऊन देऊन किती देणार? कार्ल्याच्या फाट्याजवळ लाल दिवा लागला, वायपर रेंगाळले, आणि थोड्या वेळानं गाडी आचके देत उभी राहिली. मी एकटाच होतो म्हणून निभावलं. बाजारातल्या मेकॅनिकनं डायनामो उघडून दाखवला. ज्याच्यात त्याचा दांडा फिरतो ते पितळी बूश एका बाजूनं पार खाल्लं गेलं होतं. त्यानं नवं बसवलं. महिनाभरात तेही गेलं. तिसऱ्यांदा नेला तेव्हा तो डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, हवा ओली आहे. पाणी शिरतंय." आणि त्यानं डायनामोला जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळून दिलं. आमच्या आत्याचं म्हणणं, गाडी लाल आहे, सगळ्यांच्या डोळ्यांत येते, दृष्ट लागली. तिनं पुढं लिंबू-मिरची बांधली. मी रबरही ठेवलं आणि लिंबूही. त्या दिवसांत मला कुणी गाडीला काढा पाजायला सांगितला असता तरी पाजला असता.

गाडी मी सतत उताराकडं तोंड करून उभी करायचो, म्हणजे बॅटरी गेलीच तर ढकलून चालू करता येईल. हॉर्न वाजवायचो नाही. जेवताना मध्येच उठून दिवा बघून यायचो. बायको म्हणायची, "त्यो दिवा म्हंजी माझी सवतच झालीया. माझ्याकडं कवा यवढं बगितलंत?" ती हसायची, मला हसू यायचं नाही. तिच्या पोटाकडं नजर गेली की मला तो ओटा आठवायचा.

आबांचं मात्र गिरणीत नेहमीसारखं चाललेलं असायचं. आमची भाताची गिरणी ऑइल इंजिनावर चालायची. इंजिनाच्या चाकावरून लांबलचक पट्टे जायचे आणि त्यांच्यावर सगळी यंत्रं फिरायची. पट्टा सैल झाला की तो चाकावरून घसरतो आणि भात तसंच राहतं. म्हणून बाजाराच्या दिवशी, गिरणी बंद असली की, आबा एकेक पट्टा तपासायचे. अंगठ्यानं दाबायचे. दबला की ताणायचे, आणि वर राळेचा खडा घासायचे, म्हणजे पट्टा चाकाला धरून राहतो. सबंध गिरणीला त्या राळेचा वास असायचा. सैल पट्टा दिसला की त्यांचा जीव कासावीस व्हायचा, मग तो दुसऱ्याच्या गिरणीतला का असेना.

भाद्रपदात एका सकाळी बायको चुलीपुढून उठली, भिंतीला हात टेकला आणि म्हणाली, "अवं, गाडी काढा."

गाडी चालू झाली आणि दिवा विझला. मी देवाचं नाव घेतलं. दोनच सीटा, त्यामुळं आत्याला बरोबर घेता येईना. तिनं खिडकीतून गाठोडं आणि पाण्यानं भरलेला पितळेचा तांब्या आत दिला आणि रडायला लागली. आबा गिरणीच्या दारात पावसात उभे होते. एवढंच म्हणाले, "जावा. वाटंत थांबू नगा."

खिंडीचा चढ लागला आणि बॉनेटखालून बारीक शिटीसारखा आवाज यायला लागला. मी बायकोकडं बघितलं नाही. चढाच्या मध्यावर शिटीची किंकाळी झाली आणि लाल दिवा लागला. विझला. पुन्हा लागला तो लागलाच. आणि गाडीत एक वास भरला.

"गिरणीचा वास येतुया," बायको म्हणाली.

मलाही तोच येत होता, पण मला वाटलं भीतीनं माझं डोकं फिरलंय. कसाबसा माथा गाठला, उताराकडं तोंड करून गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि बॉनेट उघडलं. डायनामो फिरवणारा पट्टा इतका ताणलेला होता की अंगठ्यानं तसूभर दबेना. त्याच्या खोबणीत राळ वितळून तिचा धूर निघत होता. डायनामोचा दांडा बूशमध्ये जाम होऊन बसला होता. मेकॅनिकनं तो पट्टा थोडा सैल ठेवून दिलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. तो तसाच असावा लागतो, नाही तर त्याची ओढ सगळी त्या इवल्याशा बूशवर पडते. गिरणीचं बेअरिंग असतं भोपळ्याएवढं, त्याला कितीही ताण सोसतो.

मी ओरडलोच, "आबांनी ताणलाय हा!"

"मंग?" बायको कळ दाबत म्हणाली. "दर बाजाराच्या दिशी ताणत्यात की. मला वाटलं तुमीच सांगितलंय."

म्हणजे मी रबर गुंडाळत होतो, लिंबं बांधत होतो, आणि माझ्या घरातच माझा बाप दर आठवड्याला पाना घेऊन डायनामोचा गळा आवळत होता! मला भयंकर संताप आला. पाना दोनदा चिखलात पडला. शेवटी बोल्ट सैल केला, जळका पट्टा उपटून काढला आणि खिशात कोंबला. आबांच्या तोंडावर फेकायचा म्हणूनच तो मी ठेवला होता.

पट्टा काढला म्हणजे वीज नाही, आणि इंजिनापुढचा पंखाही बंद, कारण तो त्याच पट्ट्यावर फिरायचा. उतारावर गाडी सोडली, गिअर टाकला, इंजिन चालू झालं. आता ते बंद पडू द्यायचं नव्हतं. दिवे नाहीत, वायपर नाहीत, हॉर्न नाही. कामशेत ओलांडून मोठ्या रस्त्याला लागलो आणि मळवलीच्या पुढं धुकं असं दाटलं की गाडीचं नाकसुद्धा दिसेना. मी डोकं बाहेर काढून चालवत होतो. बायकोनं गाठोड्यातलं एक दुपटं काढून हात बाहेर घातला आणि काच पुसायला सुरुवात केली. मग तांब्यातलं पाणी रस्त्यावर ओतलं आणि रिकामा तांब्या बाहेरून दारावर बडवायला लागली.

"हे काय करतेस?"

"हॉर्न वाजवतीया. तुमी म्होरं बगा. आन् कळ आली की मी वरडतेच हाय, तवा तांब्याबी नको."

ती खरंच ओरडायची, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, झालं, इथंच होणार, या धुक्यात, आणि मी काहीही करू शकणार नाही. पुढं एक ट्रक लागला. त्याच्या मागच्या लाल दिव्यावर मी नजर ठेवली आणि त्याला सोडलं नाही. बाजारात शिरताना इंजिन आचके द्यायला लागलं. दवाखान्याच्या दाराशी गाडी थांबली ती मी थांबवली की बंद पडली, हे मला आजही सांगता येणार नाही.

बाकावर बसलो तेव्हा माझ्या बोटांना राळ चिकटलेली होती. ती खरवडत बसलो. आत बराच वेळ काही ऐकू आलं नाही आणि माझा धीर सुटत चालला. मग रडण्याचा आवाज आला, बायकोचा नव्हे. मुलगी झाली होती. मी भिंतीकडं तोंड करून रडलो.

संध्याकाळी बायकोजवळ बसलो, तेव्हा खिशातला पट्टा काढून तिला दाखवला आणि म्हणालो, "येऊ देत आबांना."

तिनं तो माझ्या हातातून घेतला आणि उशीखाली ठेवला. "काय बी बोलायचं न्हाई तुमी," ती म्हणाली. "मागलं अजून त्यांच्या छातीवर हाय. त्यात ह्ये कशाला?"

दुसऱ्या दिवशी आबा आले, निम्मी वाट चालत आणि निम्मी एसटीनं. नातीला त्यांनी हातात घेतलं नाही, माझे हात थंड आहेत म्हणाले. लांबूनच बघितलं, डोळे पुसले आणि बाहेर गेले. मागोमाग मी गेलो तर ते बॉनेट उघडून उभे.

"पट्टा कुटं गेला रं?"

मी तोंड उघडलं. सगळे शब्द तयार होते.

"सुनंला न्ह्यायचं व्हतं," आबा म्हणाले. "म्हणून परवाच पुन्यांदा ताणला व्हता म्या. तिच्या टायमाला ढिला राहून चाललं नसतं. हितवर आला का त्यो?"

"आला," मी म्हणालो. "दारात आल्यावर तुटला."

आबांनी मान हलवली. एवढं समाधान त्यांच्या तोंडावर मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. म्हणाले, "नवा घातला की सांग. ताणून दीन."

आणि दिला! त्यानंतर गाडी होती तोवर आमचा हा खेळ चालला. बाजाराच्या दिवशी आबा पट्टा ताणायचे, राळ घासायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी, ते गिरणीत गेले की मी राळ पुसायचो आणि पट्टा सैल करायचो. डायनामो पुन्हा गेला नाही. तिसऱ्याला कुठं बसवायचं हा प्रश्नही सुटला, मुलगी आईच्या मांडीवर बसायची आणि मोठी झाल्यावर दोघांच्या मधे. बायको आम्हा बापलेकांना हसायची. आबा म्हणायचे, "यंत्राची देकभाल केली की यंत्र दगा देत न्हाई." मी म्हणायचो, "खरं आहे."

मुलगी शाळेत जायला लागली होती तेव्हाची गोष्ट. बाजाराचा दिवस होऊन गेला होता. मी सकाळी पाना घेऊन बॉनेट उघडलं आणि पट्टा अंगठ्यानं दाबला. तो दबला. राळ नव्हती. मी मागच्या आठवड्यात ठेवला होता तसाच तो सैल होता. मी पुन्हा दाबून बघितला. इतकी वर्षं मला ताणलेल्या पट्ट्याची भीती वाटायची, आणि त्या सकाळी सैल पट्ट्याची वाटली.

आबा बाजेवर पडून होते. काल गुडघा धरलाय म्हणून उठले नाहीत, असं सगळे धरून चालले होते. मी जवळ गेलो तर त्यांनी डोळे उघडले.

"पट्टा बगितलास का रं गाडीचा? मला काल जमलं न्हाई."

"बघितला, आबा."

"टणक हाय?"

"टणक आहे. अजिबात दबत नाही."

त्यांनी डोळे मिटले. मी गिरणीत जाऊन राळेचा खडा शोधला, बाहेर आलो आणि पट्टा दबेनासा होईपर्यंत ताणला.