भिंतीवरचे प्रोफेसर

आमच्या दिवाणखान्यात मी जमवलेल्या जुन्या जादूगारांच्या जाहिराती आहेत. प्रत्येकाच्या छातीवर पदकं आणि नावाआधी न चुकता ‘प्रोफेसर’. ही पदवी त्यांना छापखान्यातच मिळे.

काल मुलीचे होणारे सासरे आले. ते खरोखरचे प्राध्यापक. म्हणाले, “साखरपुड्याला चार मोठी माणसं येतील. तेवढे हे भोंदू उतरवा हो.”

“भोंदू कसे, व्याहीबुवा? ‘या, तुम्हाला फसवतो’ असं आधी सांगून फसवणारे एवढेच. बाकीचे शपथेवर फसवतात.”

खेळ संपला की प्रेक्षक आपल्याच डोळ्यांवर शंका घेत, हसत घरी जायचे. इतकं शहाणपण मला कुठल्याच भाषणातून मिळालं नाही.

साखरपुडा याच भिंतीसमोर होईल. मोठ्या माणसांनी हवं तर पाठ करून बसावं.