दुसरी बादली

पाणी जपून वापरणाऱ्या माझ्या नवऱ्याने आज सकाळी संडासात दुसरी बादली ओतली.

चार वर्षांपूर्वी यांच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली, तेव्हा डॉक्टरांनी तिथे कापडाची नळी शिवली. घरी सोडताना म्हणाले, "आजी, कितीही वर्षांनी शौचाला काळं झालं, तरी ते आतलं रक्त समजा आणि त्याच दिवशी आणा."

हे बाहेर आले. मी विचारलं, "काळं होतं?"

"लोहाच्या गोळीनं होतं तसं."

"ती गोळी दिवाळीतच बंद झाली."

"पुन्हा पोट फाडतील गं."

मी जन्मभर गोधड्या शिवल्या. नवं ठिगळ टिकतं, त्याच्या कडेचं जुनं कापड विरतं. विरलेलं दिसलं की लगेच टाका घालायचा. घडी घालून लपवलं, तर उलगडताना हातात येतं. माणूस मात्र भ्यायला की आधी लपवतो. भीती मलाही वाटते, पण ती पाणी ओतून जात नाही.

मी रिक्षा बोलावली, फाइल पिशवीत घातली.

"चहा तरी दे."

"उपाशीच चला, तपासतील. चहा घरी परत आल्यावर."

"आणि नाही आलो तर?"

"मग मीही नाही पिणार. चपला घाला."