ऑर्मरॉडांची दोन मतं

आमच्या वीव्हरडेल गावात मतदान चॅपलच्या हॉलमध्ये होतं आणि गेली एकतीस वर्षं तिथल्या टेबलाच्या प्रमुख एनिड ऑर्मरॉड आहेत. मी पालिकेत संगणक सांभाळते. निवडणुकीच्या गुरुवारी मला त्यांच्या शेजारी बसवतात. माणूस आला की नाव-पत्ता विचारायचा, यादीतल्या नावावर रेघ मारायची, मतपत्रिका द्यायची. रेघ पट्टीनेच. नुसत्या हाताने मारली तर एनिडबाई फक्त बघतात.

त्यांचा नवरा क्लिफर्ड बस चालवायचा. दोघं जन्मभर एकमेकांच्या विरुद्ध पक्षांना मत देत आले.

"घरीच बसू या की," तो दर वेळी म्हणायचा. "तुझं मत माझं खोडतं, माझं तुझं. बूट तरी झिजणार नाहीत." आणि मग बुटांना पॉलिश करायला बसायचा.

गेल्या हिवाळ्यात सरकारी पक्षाने मधेच पंतप्रधान बदलला. मुदत संपायला दीड वर्ष होतं. लगेच निवडणूक घ्यावी की नाही, यावर त्यांच्याकडे रविवारच्या जेवणात जुंपायची; मीही बरेचदा जेवायला असायचे.

"माणूस बदलला, लोकांना विचारा," क्लिफर्ड बटाटे वाढून घेत म्हणायचा.

"तुझ्या बसवर ड्रायव्हर बदलला की प्रवाशांना विचारायचास का रे?"

"रस्ता बदलला असता तर विचारलं असतं."

"पाच वर्षांचं काम घेतलंय ना? मग पाच वर्षं करावं. मधेच उठायचं नाही."

"बघ गं," तो मला म्हणायचा, "पक्ष हरायला आला की हिला नियम आठवतात."

मार्चमध्ये डॉक्टरांनी क्लिफर्डला सांगितलं, ऑगस्ट दिसेल असं वाटत नाही. त्याने चहा संपवला. "म्हणजे एकच मत उरलं," तो म्हणाला, "आणि तेही लंडनमधल्या त्या माणसाच्या हातात."

त्यानंतर एनिडबाई रोज सहाच्या बातम्या लावायच्या. पंतप्रधान रोज म्हणायचा, निवडणूक योग्य वेळी. एप्रिलमध्ये एनिडबाईंनी आपल्याच पक्षाच्या खासदाराला पत्र लिहिलं: निवडणूक ताबडतोब घ्यावी. कारण लिहिलं नाही. आपल्या मताचा आदर आहे, असं छापील उत्तर आलं. ते त्यांनी फ्रीजवर लावलं.

मेअखेर घोषणा झाली. जुलैचा पहिला गुरुवार.

एनिडबाईंनी टपाली मतदानाचा अर्ज आणला. क्लिफर्ड सही करेना.

"टपालाने मत द्यायला मी काय स्पेनमध्ये राहतो? हॉल तीनशे पावलांवर आहे."

"चाकाच्या खुर्चीत पावलं नसतात, क्लिफ."

"मग ढकल."

अर्जाची मुदत संपली तेव्हा तो कागद पावाच्या डब्याखाली कोरा होता. त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी सकाळी, क्लिफर्ड गेला होता.

मतदानाच्या दिवशी एनिडबाई नेहमीसारख्या सहाला आल्या. पेन्सिली दोरीने बांधल्या, पेटी रिकामी असल्याचं पहिल्या मतदाराला दाखवून सील केली. याद्या आधीच छापून झाल्या होत्या. ऑर्मरॉडांच्या पानावर क्लिफर्ड होता, त्याच्याखाली एनिड.

दिवसभर लोक येत होते. कुणी कुत्र्याला घेऊन, कुणी कामाच्या कपड्यांत.

"फार वाईट झालं, एनिड," खाटीक म्हणाला.

"हो. पत्ता?"

ती दोन नावं असलेलं पान उलटताना त्यांचा हात थांबला नाही. मी पाहत होते.

संध्याकाळी सातच्या सुमाराला हॉल रिकामा झाला; मतदान दहापर्यंत होतं. एरवी जेवणाच्या सुट्टीतच त्या मत देऊन मोकळ्या व्हायच्या.

"एनिडबाई, तुमचं मत राहिलंय."

"माहीत आहे."

"मी बघते टेबल. जा ना."

त्यांनी पट्टी यादीच्या कडेला नीट लावून ठेवली.

"देऊन काय? ते खोडायला कोण आहे आता?"

मी त्यांचं नाव असलेलं पान उघडून त्यांच्यापुढे सरकवलं.

"आम्ही घरीच बसलो, असं समज," त्या म्हणाल्या.

दार वाजलं. एक तरुण बाई लेकराला कडेवर घेऊन आत आली. एनिडबाईंनी पट्टी उचलली.

"नाव?"