जावई भरल्या ताटावरून उठले

हे बघा, आधी चहाचा घोट घ्या आणि कबूल करा की हसणार नाही. कारण मी घोळ घातला तो अडाणीपणानं नाही, चांगलं शिकून, सर्टिफिकेट घेऊन घातला! एका घरचा जावई मी भरल्या ताटावरून उपाशी उठवला. आणि तोही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला!

साठच्या दशकातली गोष्ट. मुंबईत ऑक्युपेशनल थेरपीचा कोर्स झाला आणि लगेच लग्न. यांची मास्तरकी शहाद्याला, म्हणून आम्ही शेजारच्या लोणखेड्यात आबांकडे भाड्यानं राहायला आलो. आबांची नात मणी, पाच वर्षांची. बोलायची नाही, कुणाच्या डोळ्यांत बघायची नाही. आणि खायची काय? तर बिबडे! ज्वारीचे, उन्हात वाळवून भाजलेले, कुरकुरीत बिबडे. दुसरं काही जवळ आणलं की कान झाकून किंचाळायची. आज याला ऑटिझम म्हणतात. तेव्हा गाव म्हणायचं, "पोर हट्टी शे, दोन लगावा!"

घरचे तिचे हातपाय धरून तोंडात वरणभात कोंबायचे. पोर ओकायची, आई रडायची. त्यात गेल्या वर्षीच्या बिबड्यांच्या डब्यानं तळ गाठलेला. यंदाच्या ज्वारीचे नवे केले, तर तिनं हुंगून भिरकावून दिले. म्हणजे डबा संपला की पोर उपाशी! तिची मनगटं काडीएवढी झालेली, खोटं नाही सांगत.

मी पदर खोचला. मणीची आई, जमनावहिनी, तिला बजावलं, "जबरदस्ती बंद. नवा पदार्थ नुसता समोर ठेवायचा. बोट लावू दे, हुंगू दे, टाकू दे. आणि पंधरा दिवस या घरात कुणी कुणाला 'खा' म्हणायचं नाही, 'जेव' म्हणायचं नाही, 'अजून घे' म्हणायचं नाही!"

"कोन्हालेच नही?" वहिनीनं भीत भीत विचारलं.

"कुणालाच नाही!" शिकलेली ना मी!

आबांनी ते डॉक्टरी पथ्यच समजून घरात लागू केलं. मी रोज वही-पेन्सिल घेऊन मणीसमोर बसायची. बोट लावलं? नाही. हुंगलं? नाही. डब्यात बिबडे उरले आठ. मग पाच. मग दोन! मी नखं खायला लागले. घरात नवीन काही खाणारी तेवढी मीच!

दहाव्या दिवशी आखाजी. आबांची लेक माहेरी आलेली, तिला न्यायला खांडबाऱ्याचे जावई आले. पानं मांडली. खापरावरचे मांडे, वाटीभर आमरस, भजी. सगळे बसले आणि... चिडीचूप!

जावयांनी मांड्याकडे पाहिलं. मग आबांकडे. आबांनी माझ्याकडे. मी मणीकडे. मनात म्हटलं, वा, किती शहाणी पंगत!

मला मुंबईच्या मुलीला काय ठाऊक, की इथला जावई तीनदा आग्रह झाल्याशिवाय घास मोडत नाही?

जावई खाकरले. "जेवन तं मस्त दिसी ऱ्हायनं."

"हां," आबा म्हणाले आणि तोंड घट्ट मिटलं. कपाळावर घाम.

अजून थोडा वेळ गेला आणि जावई ताडकन उठले. "कोन्ही जेवा म्हनाले बी तयार नही! मी काय भीक मांगाले येल शे?" टोपी उचलली आणि चालू पडले.

लेकीनं हंबरडा फोडला, "मन्हं सासर तुटनं!"

एका पोरीला जेववता येईना आणि दुसरीचा संसार मोडायला निघाले! मी धावत सुटले, अनवाणी, वैशाखाच्या उन्हात. मागे आबा, वहिनी, लेक, झाडून सगळं घर. केळीच्या मळ्यापाशी त्यांना गाठलं. "जावईबापू, जेवा हो! घ्या! अजून घ्या!" मी ओरडत होते. हातात काय? पेन्सिल!

धापा टाकत सगळं सांगितलं. ते बघतच राहिले. "मनीसाठे? मंग आधी सांगानं व्हतं ना!" आणि वळले बिचारे.

घरात शिरतो तर काय! मणी एकटी, जावयांच्या पाटावर. शेवटचा बिबडा त्यांच्या आमरसात बुडवून चाटत होती. हनुवटीवरून रस ओघळतोय, कान उघडे! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी हळूच वही उघडली. तिनं मला पाहिलं आणि हात थांबला.

जमनावहिनीनं माझे खांदे धरले आणि मला दाराकडे वळवलं. "बाई, राग नका धरा. तुम्ही बाहेर ग्यात, तवय पोरनी खादं."

ऐकलंत? साऱ्या घराची तोंडं मी बंद केली, आणि माझेच डोळे दहा दिवस तिच्यावर 'खा, खा' म्हणून खेकसत होते!

मग जावयांना नवं पान वाढलं. त्यांच्यापुरतं पथ्य सुटलं. तीनदा काय, तेरा वेळा आग्रह झाला. माझं ताट वहिनीनं बाहेर ओट्यावर आणून ठेवलं आणि ती आत गेली. मी बसले वाट बघत. भुकेनं जीव चाललेला, मांडे गार होताहेत, पण कुणी 'जेवा बाई' म्हणेना.

म्हणणार कसं? माझ्या पथ्याचे अजून पाच दिवस बाकी होते!