मेजावरचं कापड

शिर्डीतल्या एका हॉटेलच्या तळघरात बारा वर्षं मी चादरी धुते आहे. धुतं मशीन, मी भरते, काढते, वाळवते, घड्या घालते आणि परत भरते. भाविक येतात, झोपतात, दर्शन घेऊन निघून जातात, आणि त्यांच्या चादरी माझ्याकडे येतात. ढिगाला अंत नाही. संध्याकाळी घरी कोल्हारला जायच्या जीपमध्ये बसले की गुडघे आहेत की गेले तेच कळत नाही.

आम्ही ख्रिस्ती. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. तिथं आमचे पाळकसाहेब सांगायचे, काम कुठलंही असो, देवापुढं उभं राहून करतोय असं समजून करावं. बाकावर बसून मान हलवायला काय जातं? मी हलवायची. मनात म्हणायची, साहेब, एकदा गर्दीच्या दिवशी लॉन्ड्रीत या आणि देवाला उभं कुठं करायचं ते दाखवा. तिथं मला धड उभं राहायला जागा नसते.

देवाचं म्हणून माझं काम वेगळं होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकर आणि प्याला ज्या मेजावर ठेवतात, त्या मेजावरचं पांढरं कापड धुवायचं काम सासूबाईंकडे होतं. त्या गेल्यावर ते माझ्याकडे आलं. आदल्या दिवशी धुवायचं, बादली वेगळी, पाणी वेगळं, दुसऱ्या कपड्याला लागू द्यायचं नाही, वाळत घरातच घालायचं. असं कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण सासूबाई करायच्या म्हणून मीही करायची. मला गाता येत नाही. चारचौघांत प्रार्थना करायला सांगितली की जीभ जड होते. देवळात माझं असं ते कापड तेवढंच होतं. रविवारी ते मेजावर पसरलेलं दिसलं की वाटायचं, चला, महिना अगदीच फुकट गेला नाही.

त्या शनिवारी आमच्या नळाला चौथ्या दिवशीही पाणी नव्हतं. शेजारी मागायला गेले असते तर मिळालं असतं, पण दोन बादल्या उचलून आणायचं बळ कुणाच्या अंगात होतं? मी कापड पिशवीत घातलं आणि कामावर घेऊन गेले. म्हटलं, दुपारी एक मशीन रिकामं असतं, त्यात एकटंच टाकीन. देव काय मशीन बघायला येतोय?

टाकलंही एकटंच. तेवढ्यात वरच्या मजल्यावर टॉवेल कमी पडले म्हणून हाक आली. टॉवेल देता देता वरच दोन तास अडकले, परत येते तर मशीन रिकामं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाईनं एका माणसाच्या पलंगाची चादर समजून ते बाकीच्यांबरोबर वाळवलं, इस्त्री केलं आणि गठ्ठ्यात वर पाठवून दिलं. तिची काही चूक नव्हती. आकार तोच, रंग तोच. एका कोपऱ्यात सासूबाईंनी पांढऱ्याच दोऱ्यानं नखाएवढा क्रूस काढलेला, तो माहीत असेल त्यालाच दिसावा.

उद्या सकाळी मेज उघडं दिसलं तर देवळातली मंडळी काय म्हणतील? आणि हे काम आपल्याकडून गेलं तर देवळात आपण कोण?

खोल्यांत जाऊन शोधते म्हटलं, तर सुपरवायझर म्हणाला, "मावशी, खोल्या भरल्यात. गेस्टला काय सांगणार?"

"चादर बदलायचीय, असं सांगते."

दोन मजले फिरले. प्रत्येक पलंगाशी वाकून कोपरे चाचपले. लोक माझ्याकडे बघत होते, एकानं तर पाकीट उचलून खिशात घातलं. सहाच्या सुमाराला एका खोलीत जमिनीवरच्या गादीवर ते कापड दिसलं. त्यावर एक म्हातारा झोपला होता. पायी चालत आलेला. तळव्यांचे फोड फुटले होते, त्यावर हळद का मलम काहीतरी लावलं होतं, आणि ते सगळं, रक्तासकट, कापडाला लागलं होतं. क्रूसाचा कोपरा त्याच्या टाचेखाली होता.

त्याची बायको उशाशी बसली होती. मी कापडाला हात घातला तशी हळूच म्हणाली, "बाई, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. दोन रात्री झोप न्हाई. खराब झालीय खरी, मी सकाळी धुऊन देते की."

बारा वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं. तरीही खरं सांगते, मला राग आला. ओढून घ्यावं असंच वाटलं. कापडाची कड माझ्या मुठीत होती. मग मूठ सोडली. दया आली म्हणून नव्हे. त्याला उठवायचं, कारण सांगायचं, कापड घरी न्यायचं, तो डाग घासायचा, आणि घरी तर पाण्याचा थेंब नाही. माझ्याच्यानं होईना. "राहू द्या," म्हणाले आणि जीप गाठली.

रविवारी उपासनेच्या आधी मी पाळकसाहेबांच्या देखतच सगळं सांगून टाकलं. आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा निवृत्त शिक्षिका आहेत, सगळे त्यांना बाई म्हणतात. त्यांचा चेहरा उतरला. "तुझी सासू असती तर तिनं असं कापड हॉटेलात नेलं असतं का?" त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यापासून दुसरी कुणीतरी धुवील." मी हो म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं, पण भांडायला तोंड नव्हतं. चूक माझी होती.

बाई गेल्या. पाळकसाहेब उघड्या मेजावर भाकरीचं ताट ठेवत होते. मला वाटलं, आता हेही बोलतील. ते म्हणाले, "झोपलेल्या माणसाला उठवलं नाहीत, बरं केलंत."

ते ऐकून तर जास्तच लाज वाटली. जे मी दयेनं केलंच नव्हतं, त्याची ही शाबासकी.

मग त्यांनी सहज विचारलं, "कुठून चालत आले होते ते?"

दुसऱ्यांची अंथरुणं धुण्यात माझी बारा वर्षं गेली होती, आणि त्यांवर निजणाऱ्या एकाही माणसाला मी विचारलं नव्हतं की बाबा, तू कुठून आलास.